सुया कपाटात ठेवून केटी सुटत नाही

प्रश्न: मुलगी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या सेकंड इयरला आहे. गेल्या वर्षी इलेक्ट्रॉनिक्समध्ये केटी लागली. सारखी लोकरीच्या शाली विणत असते, ग्राफपेपरवर गोल काढते (फोटो पाठवलाय) आणि त्याची पीडीएफ इंटरनेटवर 5 डॉलरला विकते. शाल न देता नुसता कागद विकणं ही फसवणूक नाही का? कुणा परदेशी बाईच्या कागदातली चूक हिने मेल करून कळवली तर तिने पैसे पाठवले, त्याचीही भीती वाटते. सुया मी कपाटात कुलपात ठेवल्यात. नणंदेच्या मुलीला प्लेसमेंटमध्ये साडेसहा लाखांचं पॅकेज मिळालं. हिला एमपीएससीचा क्लास लावू की बँकिंगचा?
एक आई, सातारा

उत्तर: ताई, केटीचं नंतर बघू, आधी त्या कुलपाचं बोलू. कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या सुया बंद करून ठेवायच्या आणि मग मला विचारायचं की कुठला क्लास लावू. इलेक्ट्रॉनिक्सचा पेपर का गेला याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळ नाही, प्रॅक्टिकलं नीट झाली का, विषय डोक्यावरून जातोय का, तिला विचारलंत का, काहीच नाही. नणंदेच्या मुलीचं पॅकेज मात्र आकड्यासकट आहे. रागावू नका पण मला तरी हे टेन्शन केटीपेक्षा चारचौघांत काय सांगायचं याचं जास्त वाटतंय, आणि त्यावर क्लास नसतो.

आता तो कागद. पुरावा म्हणून फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. त्यातला प्रत्येक गोल म्हणजे सुईवर नुसता दोरा घेऊन पाडलेलं जाळीचं भोक, तिथे एक टाका वाढतो, आणि तिरकी रेघ म्हणजे दोन टाके एकत्र विणून एक कमी. नक्षीत जितके गोल तितक्या रेघा, नाहीतर हिशोब बिघडला. शाल त्रिकोणी, मानेपासून खाली विणायची, दर दोन ओळींना चार टाके वाढतात, दोन कडांना आणि दोन मधल्या कण्याच्या दोन्ही अंगांना, म्हणजे एका अर्ध्यात दोन. म्हणून तुमच्या लेकीने फूल 8 टाके आणि 8 ओळींचंच घेतलंय, 8 ओळी झाल्या की प्रत्येक अर्ध्यात बरोब्बर 8 टाके वाढलेले असतात आणि एक नवं अख्खं फूल बसतं. 10 टाक्यांचं फूल 8 ओळींत कोंबलं असतं तर कडेला तुटलं असतं. समासात बारीक अक्षरात लिहिलंय 'अर्ध्या उंचीला पाव लोकर', तेही बरोबर, त्रिकोणाचं क्षेत्रफळ वर्गाने वाढतं, शेवटच्या ओळी गुंडेच्या गुंडे खातात आणि हे आधी सांगितलं नाही तर विणणारीची लोकर नेमकी काठाशी संपते. जी 5 डॉलर देते तिला शाल नकोच असते हो, तिला स्वतः विणायची असते, तिने घेतला तो हा हिशोब. 2007 मध्ये सुरू झालेल्या रॅव्हलरीसारख्या विणकामाच्या साइटवर असे पॅटर्न, म्हणजे विणायच्या सूचनांचे कागद, उघडपणे विकले जातात. त्याच्याही कितीतरी आधी, 1958 मध्ये, अमेरिकेत एलिझाबेथ झिमरमन या बाईंनी, मासिकवाले आपल्या सूचना बदलून छापतात म्हणून वैतागून स्वतःचं पत्रक काढलं आणि पुढे स्वतःचं प्रकाशनही. फसवणूक कसली त्यात!

हे वाचून मुलगी खूश होईल, तर तिलाही सांगते. यावर घर चालत नाही, निदान सुरुवातीची बरीच वर्षं तरी नाही. नमुना विणून माप घ्या, चार्ट काढा, तीच शाल अनोळखी बायकांकडून विणून घेऊन चुका शोधा, फोटो काढा, एवढं करून पहिल्या महिन्यात विक्री होते आणि मग बहुतेक वेळा थंडावते. डिग्री सोडायचा विचार मनात असेल तर आत्ताच काढून टाक.

पण त्या परदेशी बाईचे पैसे, ज्याची आईला भीती वाटतेय, तिथे माझे कान टवकारले. दुसऱ्यांच्या पॅटर्नमधले टाके, ओळी, मापं तपासून देणारी माणसं असतात, टेक एडिटर म्हणतात त्यांना, तासावर पैसे घेतात. आकडे कळणारी आणि विणताही येणारी मुलगी याला लागते, आणि ती तुमच्या घरात बसलीय. चार्टवरून टाके आपोआप मोजणारा छोटा प्रोग्रॅम तिने सेकंड इयरच्या प्रोजेक्टला घेतला तर कॉलेजचंही काम होईल, सर हो म्हणतील का ते विचारून बघावं.

एमपीएससी, बँकिंग दोन्ही ग्रॅज्युएशननंतर देता येतं, तिला वाटलं तर देईल, आत्ता फी भरू नका. निफ्ट, एनआयडी या डिझाइनच्या संस्थांच्या नावांवर उड्या मारू नका, तिथे परत पहिल्यापासून सुरुवात आहे आणि तिने मागितलेलंही नाही.

केटीचा फॉर्म वेळेत भरा, इलेक्ट्रॉनिक्सला एखादी सीनियर गाठून महिनाभर बसू दे. सुया आजच द्या. आणि डॉलर येतात ते तिच्या खात्यात, तिच्या पॅनवर येऊ देत, त्याची वही तिने ठेवावी. तुम्ही त्यातून घरखर्चाला मागू नका.