ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी

भाऊ, गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरने ऑक्सिजन सेन्सरचं (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचं) नाव घेतलं म्हणून लगेच नवा विकत घेऊ नकोस. कोड पी०१३५ असेल तर तक्रार सेन्सरच्या हीटर सर्किटची, म्हणजे त्याला तापवणाऱ्या विजेच्या जोडणीची आहे. आधी फ्यूज आणि वायरिंग बघ. उंदीर वायर कुरतडतात, हेही विसरू नकोस.

मग गाडी गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत फिरवून आण. नाशिकच्या थंडीत तर हे हवंच, कारण सेन्सर साधारण ३०० अंशांवर तापल्याशिवाय नीट काम करत नाही. आता स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे चालू आकडे लाव. साध्या झिर्कोनिया प्रकारात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (एक्झॉस्टचा धूर साफ करणाऱ्या भागाच्या) आधीच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली व्हायला हवं. कन्व्हर्टरनंतरचा जवळपास स्थिरच असतो, त्याला उगाच बाद ठरवू नकोस. कन्व्हर्टरआधीचा कमी व्होल्टेजवरच अडकला असेल, तर एक्झॉस्टची गळती शोध: बाहेरची हवा आत शिरली की चांगला सेन्सरही खोटं सांगतो.

काढताना इंजिन कोमट असू दे, पाना २२ मिमीचा, वायरसाठी खाच असलेला सॉकेट मिळाला तर उत्तम. नव्याच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) बहुधा लावलेलंच येतं. सेन्सरच्या टोकाला ग्रीस लागू देऊ नकोस. भंगारातला सेन्सर मी तरी बसवणार नाही.