५ स्टार एसी घेतला तर वीजबिलातली बचत दहा वर्षं तशीच राहते का?

दुकानदाराने ‘पहिल्या वर्षीची बचत गुणिले दहा’ असा हिशेब मांडून दिला, असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. हाच गुणाकार नोकरीत एका साहेबांच्या तोंडून मी वर्षानुवर्षं ऐकलाय, म्हणून लिहायला बसलो. बचत तशीच राहत नाही. पण दर वर्षी घटतच जाते असंही नाही, आणि घटली तर त्यात मशीनच्या वयाचा दोष बहुतेक वेळा थोडाच असतो.

मी सांगलीजवळच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. तिथे कूलिंग वॉटरचा १० एचपीचा पंप चोवीस तास चालायचा. वीजबचतीचं ऑडिट करणाऱ्यांच्या सांगण्यावरून जुनी मोटर काढून आयई३ वर्गाची बसवली (आयई हे मोटरच्या एफिशियन्सीचे वर्ग, आकडा मोठा तितकी वीज कमी वाया) आणि सोबत ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा स्पीड कमीजास्त करणारं उपकरण, घेतला. नव्या मोटरच्या प्लेटवर एफिशियन्सी ९०.४ टक्के, आयई१ मध्ये याच मापाला ८६ असते. पण खरी कमाई ड्राइव्हची होती. पंपाची पॉवर स्पीडच्या घनाप्रमाणे बदलते, त्यामुळे ५० हर्ट्झवरून ४० वर आणलं की खप जवळजवळ निम्मा होतो. (पाणी फार उंच चढवायचं नव्हतं म्हणून हे गणित लागू पडलं. सोसायटीच्या वरच्या टाकीच्या पंपाला हे लावू नका.)

त्या पॅनलला मी वेगळा मीटर लावून घेतला होता आणि सकाळी रीडिंग रजिस्टरला चढवायचो. सुरुवातीला आकडे ऑडिटवाल्यांनी सांगितले तसेच आले. मग बोअरच्या जड पाण्याने हात दाखवला. हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे या पाण्याने मशीनचं तेल गार करणाऱ्या भागाच्या, नळ्यांत क्षार धरले आणि मशीनचं तेल तापायला लागलं. रात्रपाळीच्या ऑपरेटरने ड्राइव्ह बायपासला टाकला, म्हणजे ड्राइव्ह वगळून मोटर थेट लाइनवर घेतली. पंप पूर्ण ५० वर गेला, टेंपरेचर उतरलं, अलार्म थांबला. त्याला मी बोल लावणार नाही, त्याला सकाळपर्यंत प्रॉडक्शन काढायचं होतं. पण तो स्विच नंतर कोणी परत फिरवलाच नाही. मोटर नवीकोरी, ड्राइव्ह नवाकोरा, आणि बचत जवळपास शून्य!

रजिस्टर घेऊन मी साहेबांकडे गेलो. ते अकाउंट्सचे, पण खरेदीही तेच बघायचे. म्हणाले, “मोटर तीच आहे ना? प्लेटवर ९०.४ आहे ना? मग बचत चालूच आहे.” आणि वार्षिक अहवालात पहिल्या वर्षाचाच आकडा पुन्हा छापून आला. शेवटी शटडाऊनमध्ये मीच नळ्यांचं डीस्केलिंग करून, म्हणजे क्षार काढून, घेतलं, पंप परत ४० वर आणला, आणि युनिट जिथल्या तिथे आले.

पुढे एका पावसाळ्यात मोटर जळाली. साहेबांनी ती सगळ्यात स्वस्त कोटेशनवाल्याकडे रिवाइंडिंगला, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी भरायला, धाडली. जुनी कॉपर पटकन निघावी म्हणून त्याने स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा लोखंडी भाग, उघड्या गॅसवर भाजला. अशाने त्याच्या स्टॅम्पिंगच्या पातळ पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळतं आणि लोखंडातला लॉस कायमचा वाढतो. वर वायरही एक गेज बारीक भरली. मोटर रंग मारून चकाचक परत आली. टाँग टेस्टर (तारेभोवती धरून करंट मोजायचा चिमटा) लावला तर नो-लोड, म्हणजे मोटर रिकामी फिरतानाचे, अँपिअर माझ्या जुन्या नोंदीपेक्षा वाढलेले, आणि बॉडीवर हात ठरेना. अँपिअर वाढले म्हणजे युनिट वाढलेच असं नव्हे, हे मलाही कळतं, पण मीटरही तीच साक्ष देत होता. प्लेट मात्र तीच, ९०.४ ची.

तुमच्या एसीचंही तसंच आहे. स्टिकरवरचा आयएसईईआर (हंगामात एसी खाल्लेल्या विजेच्या किती पट थंडावा देतो तो आकडा) नव्या मशीनचा असतो आणि वर्षाला १६०० तास वापर धरून काढलेला असतो. २०१८ च्या स्टारच्या तक्त्यात स्प्लिट एसीला ५ स्टारसाठी ४.५ पुरायचा, जुलै २०२२ पासून ५ लागायला लागला. म्हणजे २०१८ चा ५ स्टार एसी कागदावर खाली घसरला, पण त्याने त्यामुळे एक युनिटही जास्त ओढलं नाही. उलट फिल्टर धुळीने बसला, बाहेरच्या कॉइलच्या पट्ट्या चोंदल्या किंवा गॅस कमी झाला, तर स्टार तसेच राहून बिल वाढतं.

दुकानदार जे सांगत नाही ते हे, की ३ स्टार एसीही जुना होणारच आहे. समजा ३ स्टारला वर्षाला १००० युनिट लागतात आणि ५ स्टारला ८००. दोन्ही सारखेच थकले आणि १० टक्के जास्त खायला लागले तर ११०० आणि ८८० होतील. बचत २०० वरून २२० वर गेली! ती आटते कधी, तर महागडं मशीन स्वस्तापेक्षा लवकर बिघडलं किंवा बिघडल्यावर कसंबसं दुरुस्त केलं तर. म्हणून मेकॅनिकला नुसता ‘गॅस टॉपअप’ करू देऊ नका. आधी लीक शोधायला लावा, मग व्हॅक्यूम, म्हणजे पाइपातली हवा-ओल ओढून काढणं, आणि मग वजन करून गॅस. किती भरायचा ते युनिटच्या प्लेटवर छापलेलं असतं. पहिल्या उन्हाळ्यातली रीडिंग लिहून ठेवा, नाहीतर पाचव्या वर्षी भांडायला हातात काहीच नसेल.

कोकणात किंवा समुद्रालगत राहत असाल तर खाऱ्या हवेने कॉइल लवकर खाल्ली जाते, तिथे माझं वरचं गणित सैल धरा. आणि एसी महिनाभरच लावणार असाल तर ५ स्टारचे जादा पैसे वसूल होणं कठीण, मग ३ स्टार घ्या.

रिवाइंडिंगला मी सरसकट नावं ठेवत नाही. तापमान ताब्यात ठेवून भट्टीत जुनी वाइंडिंग काढली आणि मूळ गेजची वायर भरली तर एफिशियन्सीत जवळजवळ फरक पडत नाही. असं काम करणारा वाइंडर आमच्याकडे मिरजेतच होता. त्याचं कोटेशन थोडं जास्त होतं, म्हणून साहेबांनी त्याला मोटर दिली नाही.