सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या मोजणीत) लिम्फोसाइट ४८ टक्के आलेत आणि बाजूला ‘हाय’ लिहिलंय. हा ब्लड कॅन्सर असू शकतो का?

फक्त टक्क्यावरून तसं म्हणता येत नाही. लिम्फोसाइट हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, म्हणून आधी एकूण पांढऱ्या पेशी बघा. त्या ५,००० असतील तर ४८ टक्के म्हणजे २,४०० लिम्फोसाइट, आणि प्रौढांमध्ये साधारण १,००० ते ४,००० चालतात. न्यूट्रोफिल हा पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार; ते कमी झाले की लिम्फोसाइटचा टक्का आपोआप फुगतो. व्हायरल तापानंतर हे नेहमीचंच. लॅबचं मशीन मर्यादेबाहेरचा प्रत्येक आकडा ठळक करतं, त्याला तुमचा ताप माहीत नसतो!

शंका कधी घ्यायची? हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी यांतलं एकाहून जास्त काही एकदम बिघडलं, लिम्फोसाइटचा आकडा प्रत्येक तपासणीत चढत गेला किंवा स्मिअरमध्ये (काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात त्यात) ‘ब्लास्ट’ म्हणजे अपरिपक्व पेशी दिसल्या तर. ब्लास्ट लिहिलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. एरवी काही आठवड्यांनी सीबीसी पुन्हा, सोबत पेरिफेरल स्मिअर. ब्लड कॅन्सरचं निदान मात्र फ्लो सायटोमेट्री (पेशींचा नेमका प्रकार ओळखणारी तपासणी), बोन मॅरो (अस्थिमज्जा) अशा तपासण्यांवरूनच होतं.

उलट बाजूही आहे: लिम्फोमात, म्हणजे लिम्फोसाइटच्या बहुधा गाठींतून सुरू होणाऱ्या कॅन्सरमध्ये, सीबीसी अगदी नॉर्मल येऊ शकतो. म्हणून न दुखणारी, वाढत जाणारी गाठ, रात्री कपडे भिजवणारा घाम किंवा विनाकारण घटणारं वजन असेल, तर रिपोर्ट चांगला असला तरी दाखवून या.