नवं वायफाय कार्ड लावलं आणि गेम अडखळायला लागला

प्रश्न: दादा, मी खानापूर तालुक्यातल्या एका गावातनं लिहितोय, बेळगावात डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आधी पीसी सोप्यात राउटरच्या शेजारीच होता, केबलवर व्हॅलोरंट मस्त चालायचं. आता माडीवरची खोली मिळाली पण केबल तिथवर पोचत नाही, म्हणून बेळगावातनं पीसीच्या आत मदरबोर्डावर बसणारं पीसीआयईचं वायफाय कार्ड आणून लावलं, त्यात ब्लूटूथपण आहे. स्पीड टेस्ट नव्वदच्या पुढं दाखवतंय, यूट्यूब एकदम भारी, पण गेममध्ये पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात) तीस-पस्तीसवरनं मधेच तीनशेवर जातंय आणि परत खाली येतंय, समोरचा गडी जागच्या जागी थिजतो आणि तोवर मी मेलेलो असतो. मित्र म्हणतात कार्डच बेकार, दुकानदार म्हणतोय नेट खराब, नेटवाला म्हणतोय आमच्याकडनं सगळं ओके. नक्की काय हुलालंय बघा की.
— खानापूर

उत्तर: तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या पण मोजून कुणीच बघितलं नाही, आणि मोजल्याशिवाय कार्ड परत करायचं नाही की नवीन काही घ्यायचं नाही, एवढं माझं ऐक. पीसीवर सीएमडी उघड, त्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग लिहून एंटर मार, डिफॉल्ट गेटवेसमोर जो आकडा दिसेल तो तुझ्या राउटरचा पत्ता, बऱ्याच घरात तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. मग पिंग, एक जागा सोडून तो पत्ता, परत जागा सोडून डॅश टी, हे सगळं अर्थात इंग्रजीत टाईप करायचं. दुसरी तशीच खिडकी उघडून गूगलच्या ८.८.८.८ ला पिंग लाव, दोन्ही चालू ठेवून एक मॅच खेळ, आणि अडखळलं की लगेच दोन्हीकडचे आकडे बघ. बंद करायला कंट्रोल सी.

केबलवर राउटरचं पिंग एक मिलिसेकंदाच्या आतच राहतं, चांगल्या वायफायवर दोन ते पाच, कधीमधी दहा. राउटरपर्यंतचाच आकडा जर दीडशे-दोनशेवर उडत असेल तर बिघाड तुझ्या माडीपासून सोप्यापर्यंतच्या टप्प्यात आहे, नेटवाल्याशी भांडून काही मिळणार नाही. राउटर शांत आणि फक्त ८.८.८.८ उडतंय असं दिसलं तर मात्र त्याच खिडकीचा फोटो काढून नेटवाल्याला पाठव, मग त्याला "सगळं ओके" म्हणता येणार नाही.

तू सांगितलंस त्यावरनं मला पहिलीच शक्यता जास्त वाटते, कारण केबल होती तोवर सगळं नीट होतं. स्पीड टेस्ट चांगली येते त्यावर जाऊ नको. यूट्यूब पुढचा व्हिडिओ आधीच ओढून ठेवतं, मधे अर्धा सेकंद काही आलं नाही तरी तुला कळतपण नाही. गेमला असं साठवून ठेवता येत नाही, व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशोब करतो म्हणजे साधारण पावणेआठ मिलिसेकंदाला एकदा, डेटा अगदी थोडा पण तो वेळेत पाहिजे. आणि वायफायचं असं की एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, टीव्ही बोलतोय तोवर तुझ्या पीसीला थांबायचं असतं, शेजाऱ्याचा राउटर त्याच चॅनलवर असला तर त्याच्यासाठीपण.

आता कार्ड बघ. पीसी बंद करून प्लग काढ आणि आधी मागची बाजू तपास. दोन अँटेना थेट कार्डाच्या मागं खोचलेल्या असतील तर त्या पत्र्याच्या कॅबिनेटच्या मागं, भिंतीला चिकटून, वायरींच्या जंजाळात असणार, म्हणजे राउटरच्या आणि अँटेनाच्या मधे अख्खा पीसीच उभा. पीसी फिरवून ठेव, नाहीतर मॅग्नेटच्या बेसवर वायरनं लांब येणारी अँटेना मिळते ती घे, टेबलावर उघड्यावर ठेव. मग कार्डावरची काळी पट्टी किंवा हीटसिंक काढता येत असेल तर आतलं बघ: बारक्या काळ्या वायरी जिथं बसतात ती सोनेरी टोपणं उडदाच्या दाण्याएवढी असतात, बोटानं सरळ खाली दाबली की टिक करून बसतात, आणि त्यातलं एखादं निसटलेलं असलं तरी स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या सिग्नलच्या दांड्या दिसतच राहतात, म्हणून कुणाला शंकापण येत नाही. वाकडं ठेवून जोर लावू नको, ती टोपणं लगेच चेपतात.

पीसी चालू करून सेटिंगमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीज उघड, तिथं बँड, चॅनल आणि लिंक स्पीड लिहिलेलं असतं. बँड २.४ गीगाहर्ट्झ दाखवत असेल तर बरंचसं उत्तर तिथंच मिळालं. त्या बँडमध्ये एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्याच जागेत ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, यूएसबी ३ च्या हार्डडिस्कचा गोंगाट, सगळंच येतं. कार्डात वायफाय आणि ब्लूटूथ बहुतेक वेळा एकच अँटेना वाटून घेतात, त्यामुळं ब्लूटूथ हेडफोन लावून २.४ वर गेम खेळलं की बऱ्याचदा अडखळतं. एक मॅच वायरीचा हेडफोन लावून खेळून बघ, फरक कळेल. राउटरमध्ये ५ गीगाहर्ट्झचं नाव वेगळं कर आणि पीसी त्यालाच जोड. चॅनल ऑटोवर ठेवू नको, ३६ ते ४८ मधला एखादा दे, कारण ५२ ते १४४ मधल्या चॅनलवर राउटरला रडारची चाहूल लागली की चॅनल सोडून पळावं लागतं आणि त्या वेळी सगळेच तुटतात.

उसळी ठराविक वेळानं येते का तेपण बघ. येत असेल तर कार्ड मधेमधे आपलं चॅनल सोडून आजूबाजूची दुसरी नेटवर्क हुडकतंय, तेवढा वेळ तुझे पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, अडकून पडतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये रोमिंग अॅग्रेसिव्हनेस सगळ्यात खाली कर, प्रेफर्ड बँड ५ कर, विंडोजची लोकेशन बंद करून बघ, खेळताना वायफायची यादी उघडी ठेवू नको. पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबमध्ये वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करू द्या अशी टिक असते ती काढ. आणि ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोजनं स्वतःच टाकलेला असेल तर तो काढून कार्डात ज्या कंपनीची चिप आहे तिच्या साईटवरचा टाक. हे सगळं एकदम बदलू नको, एक बदललं की परत पिंग लाव, नाहीतर कशानं सुधारलं ते तुला कळणार नाही.

एवढं करूनपण राउटरचं पिंग उडतच असेल तर तुमच्याकडची भिंत बघ. खानापूर भागात जुनी घरं मातीच्या नाहीतर जांभ्याच्या जाड भिंतींची, त्यात पावसाळ्यात त्या महिनोन् महिने ओल धरतात, आणि पाणी सिग्नल गिळतं, ५ गीगाहर्ट्झला भिंत पार करणं मुळातच अवघड. तिथं स्वस्तातला रिपीटर लावू नको, तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच परत बोलतो, म्हणजे उशीर आणखी वाढला. कॅट ६ ची केबल १०० मीटरपर्यंत चालते, घरातल्या घरात जिन्याच्या कडेनं ओढलीस तर कुठल्याही कार्डापेक्षा ती बरी. बाहेरनं पागोळीखालनं नेऊ नको, वळवाच्या विजा तुमच्याकडं कशा पडतात ते तुला सांगायला नको, तांब्याच्या केबलीतनं झटका आला तर राउटर आणि पीसी दोन्ही जातील. नाहीतर फायबरवाल्याला सांगून राउटरच वर घे, काचेच्या फायबरीतनं वीज येत नाही.

प्रश्न: ताई-दादा कोण असाल ते, मी निपाणीची गृहिणी. मुलगा म्हणतो गेम अडकतो म्हणून २०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या, आत्ता ४० चा आहे. घ्यावा का?
— निपाणी

उत्तर: ताई, गेमसाठी म्हणून घेऊ नका. गेमला ४० मधलं अगदी थोडं लागतं. फक्त संध्याकाळी तो खेळायला बसतो तेव्हा घरातल्या मोबाईलवरनं फोटो-व्हिडिओंचा बॅकअप वर चढत नाही ना तेवढं बघा, अपलोड भरलं की गेमची बारकी पॅकेट त्याच्या मागं अडकतात, चोर्ला घाटात ट्रकच्या मागं स्कूटर अडकते तसं. बॅकअप रात्री झोपल्यावर लावा. राउटरमध्ये क्यूओएस (कुणाचा डेटा आधी सोडायचा ते ठरवायची सोय) असेल तर मुलालाच त्याच्या पीसीला पहिला नंबर द्यायला सांगा, तो करेल.

प्रश्न: माझं कार्ड ठीक आहे, राउटरला पिंग दोन येतंय, पण गेममध्ये कायम सत्तर-ऐंशीच. पुण्यातल्या मित्राला त्याच गेममध्ये पंधरा. कार्ड बदलू का?
— शहापूर, बेळगाव

उत्तर: नको. तुझं पिंग उडत नाही, कायम जास्त आहे, म्हणजे हा रस्त्याचा प्रश्न. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, बेळगावहून मुंबई आणि बेंगळुरू दोन्ही साधारण पाचशे किलोमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन निव्वळ अंतराचे पाचच मिलिसेकंद. मुंबईहून सिंगापूर मात्र सुमारे ३,९०० किलोमीटर, तिथं नुसत्या अंतराचेच चाळीस होतात. आधी गेमच्या सेटिंगमध्ये सर्व्हर मुंबई आहे का सिंगापूर ते बघ. मुंबई असूनपण सत्तर येत असेल तर सीएमडीत ट्रेसर्ट (डेटा कुठल्या टप्प्यांनी जातो ते दाखवणारी कमांड) चालवून बघ, आपण टेलिकॉमच्या कर्नाटक सर्कलमध्ये असल्यानं कधी कधी नेट आधी बेंगळुरू किंवा चेन्नईला जाऊन मग मुंबईला येतं. तसं दिसलं तर ते तुझ्या हातात नाही, पण दुसऱ्या कंपनीचं नेट असलेल्या शेजाऱ्याकडं बसून तेच ट्रेसर्ट चालव, त्याचा रस्ता सरळ असेल तर पुढचं रिचार्ज तिकडं कर.