भाषा समाजाला घडवते की समाज भाषेला?

दोन्ही, पण सुरुवात बहुधा समाज करतो. आमच्या वडोदऱ्यात मराठी आली ती गायकवाडांसोबत, कारभाराची भाषा म्हणून. त्यामुळे गुजरातीत रुळलेले मराठी शब्द बघा: नेमणूक (गुजरातीत निमणूक), वाटाघाट, चळवळ, ताबडतोब. सगळे कचेरीतले, चारचौघांतले. आमच्या घरांत गुजराती शिरली ती मात्र बाजारातून, चुलीपर्यंत. आई दारावरच्या भाजीवाल्या बेनशी गुजरातीत घासाघीस करते आणि आत येऊन म्हणते, "अगं, रिंगणं ताजी मिळाली, त्यांचंच शाक करते." पुण्याच्या मामीला रिंगण म्हटलं की वारी आठवते, वांगं म्हणून समजावून सांगावं लागतं!

आता उलट बाजू: भाषा समाजाला कशी घडवते. सयाजीराव गायकवाड महाराज स्वतः मराठी, पण रयत बहुतेक गुजराती. १९०६ मध्ये त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १९३१ मध्ये कारभारातल्या शब्दांचा बहुभाषी कोश निघाला. मला हे फार मोलाचं वाटतं. सरकारी कागद आपल्या भाषेत स्वतःला वाचता आला, की शेतकऱ्याला तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागत नाही, आणि कचेरीत तो स्वतःच प्रश्न विचारतो.