‘लस घेतली आणि मलाच फ्लू झाला’

“दिवसभर दुसऱ्यांना इंजेक्शनं देते आणि स्वतःला घ्यायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. नर्स म्हणून मी खोटी आहे का?”

हा प्रश्न एनआयसीयूमधल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या, एका स्टाफ नर्सचा. रुग्णालयात काम करणाऱ्यांकडून तो पावसाळ्याच्या तोंडावर या ना त्या शब्दांत समुपदेशकाकडे येतोच. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत.) फ्लूच्या लसीचा कॅम्प ठरला होता. ज्यांना लस नको त्यांनी कारण लेखी द्यावं, असा मेट्रन ऑफिसचा निरोप होता. सिस्टरनी कारणाच्या रकान्यात ‘मागच्या वेळी त्रास झाला’ एवढंच लिहिलं होतं. तो फॉर्म चार दिवस पर्समध्ये घडी होऊन पडला होता.

अशा वेळी समुपदेशकानं लसीचे फायदे सांगायला घेतले की बोलणं तिथंच संपतं. फायदे नर्सना पाठ असतात. “तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच असं म्हणता?” हे वाक्य तर कधीच उच्चारू नये, इन्चार्जनी ते आधीच ऐकवलेलं असतं. इथं पहिला प्रश्न साधा होता : “सिस्टर, त्रास म्हणजे नेमका काय आणि कुठल्या दिवशी?”

त्यांना कागदावर वार लिहायला सांगितलं. तीन वर्षांपूर्वीचा जुलैचा शेवटचा आठवडा. मंगळवारी सकाळी हँडओव्हर आणि बाळांच्या फीडच्या मधे, उभ्याउभ्या लस घेतली. बुधवारी दंड ठणकला. शुक्रवारी संध्याकाळी 102 ताप, घसा धरलेला, खोकला. पाच दिवस घरी. सीएल (किरकोळ रजा) संपल्या होत्या म्हणून पगार कापला गेला आणि मैत्रिणीला त्यांच्या नाईट कराव्या लागल्या. “ती अजून बोलून दाखवते, मॅडम.” पुढे जरा थांबून म्हणाल्या, “आणि हात तर तीन आठवडे वर जात नव्हता. वेणी घालायला सासूबाई लागायच्या.”

म्हणजे त्रास दोन होते आणि तीन वर्षं ते एकाच गाठोड्यात बांधलेले होते.

आधी ताप. दंडात देतात त्या फ्लूच्या लसीत मारलेल्या विषाणूचे भाग असतात. त्यातून फ्लू होऊच शकत नाही. (नाकात फवारायची लस वेगळी, तिच्यात अशक्त केलेला जिवंत विषाणू असतो.) लसीमुळे दंड दुखणं, कणकण, अंगदुखी होते ती बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत, आणि ओसरते. तिसऱ्या दिवशी उगवलेला खोकला आणि धरलेला घसा त्या हिशोबात बसत नाही. फ्लूची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला 1 ते 4 दिवस लागतात, आणि लसीचं संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लूची लाट असते. जुलैअखेर ती जोरात असते. कागदावर बोट ठेवून सिस्टर स्वतःच म्हणाल्या, “म्हणजे मला लस उशिरा मिळाली.” तेव्हा स्वॅब घेतलाच नव्हता. त्यामुळे तो फ्लू होता की दुसरा एखादा विषाणू, हे आज कुणीच सांगू शकत नाही, आणि तसं सांगूही नये.

हाताची गोष्ट मात्र खरी होती, आणि ती कुणी ऐकूनच घेतली नव्हती. युनिफॉर्मची बाही घट्ट, म्हणून देणाऱ्या सिस्टरनी गळा खाली ओढून खांद्याजवळच सुई दिली. असं केलं की इंजेक्शन जास्त वर पडतं आणि खांद्याच्या सांध्याजवळच्या भागात जाऊन सूज येते. दोष लसीचा नसतो, जागेचा असतो. बरोबर पद्धत अशी : बाही पूर्ण वर, नाहीतर हात बाहेर काढायचा, घेणाऱ्यानं बसायचं, देणाऱ्यानंही बसायचं, कारण उभं राहून दिलं की सुई वर जाते. घेणाऱ्याचा हात कमरेवर. खांद्याच्या हाडाच्या टोकाखाली दोन-तीन बोटं सोडून, स्नायूच्या जाड भागात, काटकोनात. डोस 0.5 मिली. नंतर 15 मिनिटं तिथंच बसायचं. अंगावर पित्त उठणं किंवा दम लागणं असली तीव्र प्रतिक्रिया क्वचितच येते, आली तर बहुतेकदा एवढ्याच वेळात. कॅम्पच्या घाईत नेमकं हेच बसणं गळतं.

“तुमच्या हाताची तक्रार खरी आहे,” एवढं ऐकल्यावर सिस्टर पुढचे प्रश्न विचारू लागल्या. त्यांना व्हॉट्सॲपवर लकव्याचा मेसेज आला होता. त्याचं मूळ 1976 मधल्या अमेरिकेतल्या स्वाइन फ्लू लसीत आहे. तेव्हा गिया बारे या, नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडू शकतात अशा, आजाराचे साधारण लाखात एक जास्तीचे रुग्ण आढळले होते. आजच्या लसींबाबत हा धोका दहा लाखांत एक-दोन इतका धरतात, आणि खुद्द फ्लूनंतरही तो आजार होतो. पूर्वीच्या डोसनंतर सहा आठवड्यांत कुणाला तो झाला असेल, किंवा लसीची तीव्र ॲलर्जी आली असेल, तर निर्णय डॉक्टरांचा. समुपदेशकानं तिथं मधे पडू नये.

लस किती चालते, हेही खरं तेच सांगितलं : विषाणूशी नीट जुळलेल्या वर्षी डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू होण्याची शक्यता 40 ते 60 टक्क्यांनी कमी होते. “निम्मीच?” हो, निम्मीच. ‘घ्या, काही होणार नाही’ असं म्हणून एक डोस पदरात पडतो, पुढच्या वर्षीचा हमखास जातो. पण त्यांच्या वॉर्डात ही निम्मी फार मोठी आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, आणि एनआयसीयूत बहुतेक सगळी बाळं त्याच वयाची. लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून माणूस फ्लू पसरवतो, म्हणून ‘ताप नाही, मी ड्युटीवर येते’ एवढ्यावर भागत नाही.

खरी गाठ सुटली ती रोस्टरवर. सिस्टरना भीती सुईची नव्हती, दुसऱ्या दिवशी अंग दुखत असताना बारा तास उभं राहण्याची होती. तेव्हा ठरलं असं : शेवटची नाईट संपल्यावर, ऑफच्या आदल्या सकाळी लस, जूनचा पहिला आठवडा, कॅम्पच्या रांगेत नाही, ओपीडीत खुर्चीवर बसून. फॉर्म फाडायला कुणी सांगितलं नाही. तो त्यांनी तसाच जपून ठेवला.

दोन दिवस दंड दुखला. वेणी स्वतः घातली.

ऑगस्टमध्ये फोन आला : “मॅडम, सर्दी झालीच!” ताप नव्हता, अंगदुखी नव्हती. साध्या सर्दीचे विषाणू वेगळे, त्यांच्यावर ही लस चालत नाही. तरी मास्क लावून इन्चार्जना आधी कळवायचं, बाळांपासून लांबचं काम मागायचं, ताप आलाच तर त्याच दिवशी दाखवायचं. त्यांनी तसं केलं. दरवर्षी का घ्यायची, हेही विचारलं : विषाणू रूप बदलतो, संरक्षण काही महिन्यांत उतरतं, आणि लसीत काय असावं हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये सुचवते.

फोन ठेवता ठेवता त्यांनी आणखी एक सांगितलं. कॅम्पच्या यादीत वॉर्डातल्या दोन मावशींची नावंच नव्हती; त्या कंत्राटदाराकडच्या. बाळांचे कपडे, लंगोट त्याच बदलतात. पुढच्या यादीसाठी सिस्टरनी ती दोन नावं स्वतःच्या हातानं लिहून मेट्रन ऑफिसात दिली आहेत.