वाचकांचे प्रश्न : कयाक आपल्या अंगाची

प्रश्न : प्लायला तारेचे टाके घालून इपॉक्सीने जोडायच्या कयाकचा आराखडा आणलाय. लांबी ५.२ मीटर, रुंदी ५६ सेंमी, वल्हवणारा ७५ किलोचा धरलेला. माझं वजन ९५ किलो, उंची सहा फूट, बूट दहा नंबरचा. सगळी मापं सरसकट दहा टक्क्यांनी वाढवली तर चालेल का?

उत्तर : नको. तिन्ही बाजूंनी दहा टक्के वाढ म्हणजे आकारमान ३३ टक्के जास्त. मिळेल ते हलकं, वर तरंगणारं आणि वाऱ्यावर भरकटणारं पिंप.

आधी २० किलोने होडी किती बुडेल ते काढा. पाण्यालगतची लांबी ४.७ मीटर, रुंदी ०.५४ मीटर, दोन्ही टोकं निमुळती, म्हणून गुणाकाराला ०.६५ ने गुणा. क्षेत्रफळ साधारण १.६५ चौरस मीटर. म्हणजे दर सेंटिमीटरला साडेसोळा किलो. तुमच्यामुळे होडी जेमतेम सव्वा सेंमी जास्त बुडेल. एवढ्यासाठी तळाला हात लावायची गरज नाही. सामानही न्यायचं असेल तर फक्त लांबी वाढवा : आराखड्यात दर ३० सेंमीवर दिलेली मापं ३२ सेंमीवर आखा, रुंदीची मापं तशीच ठेवा. कापण्याआधी १:१० चं पुठ्ठ्याचं मॉडेल चिकटवून बघा. शेजारच्या दोन फळ्यांच्या कडा जुळल्या नाहीत, तर टाके आवळताना प्लायला पोक येतं.

तुमची खरी अडचण पायांची आहे. होडीत घालणार तेच बूट चढवून भिंतीला पाठ लावून बसा, गुडघे थोडे फाकवा; चवड्यांची आणि मांड्यांची जमिनीपासूनची उंची मोजा. कमी पडेल तेवढा पुढचा डेक, म्हणजे होडीचं वरचं झाकण, वर घ्या, साधारण २ ते ३ सेंमी, आणि टोकाकडे ती वाढ शून्यावर आणा. मात्र बाजूच्या फळ्या उंच करू नका, वल्हवताना बोटांची सालं निघतील. डेकखालच्या आडव्या पट्टीची कमान वाढवा. मागचा डेक आहे तसाच राहू द्या.

बसायच्या तोंडाचा पुठ्ठा ८० × ४२ सेंमी कापून दोन स्टुलांवर खऱ्या उंचीला बांधा. हात न टेकता पाय बाहेर निघत नसतील तर तोंड लांबवा. उलटल्यावर हेच कामाला येतं.

बैठक सर्वांत शेवटी चिकटवा. दोन्ही टोकांना आराखड्यातल्या पाणरेषेवर इलेक्ट्रिकची टेप लावा, उथळ पाण्यात सुट्या फोमवर बसा आणि कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. मागची टेप जास्त बुडाली तर दोन सेंमी पुढे सरका, पुन्हा बघा. बैठक उंच करायचा मोह टाळा. दोन-तीन सेंमीनेही होडी डुचमळू लागते. कमरेच्या दोन्ही बाजूंना ईव्हीए, म्हणजे पाणी न पिणारा दाट फोम लावा. सोफ्याचा स्पंज पाणी पितो.

प्रश्न : हाच आराखडा ४८ किलोच्या मुलीसाठी अरुंद करू का?

उत्तर : ५२ सेंमीपर्यंत करा. रुंदीमुळे मिळणारा तोल रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे तो सुमारे एक-पंचमांशाने घटेल. पण मुलीचं वजन कमी, आणि तेही होडीत खालच्या बाजूला असतं, म्हणून चालेल. पुढचा डेक २ सेंमी उतरवा, नाहीतर तिला कोपरं उचलून वल्हवावं लागेल आणि तासाभरात खांदे भरून येतील.